ऐकू येतं, पण कुणी विचारतं का?

मैत्रिणींनो,

अपंग स्त्रियांचे प्रश्न आपल्या चळवळीत उशिरा आले. कर्णबधिर मुलींचा आणि त्यांच्या आयांचा विषय तर आपल्या शिबिरांत अजूनही क्वचितच निघतो. या अंकात तो मुद्दाम घेतला आहे. कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची एक पिढी आता आपल्याकडे वयात येते आहे. दोन-तीन वर्षांची असताना ज्यांचं ऑपरेशन झालं ती मुलं आज आठवी-नववीत आहेत, काही कॉलेजात गेली आहेत. त्यांच्या आया आपल्या बचत गटांत आहेत, अंगणवाडीत काम करतात, आपल्या मोर्चाला येतात. मुलाला किती ऐकू येतं, किती शब्द बोलता येतात, याच्या फायली जाड झाल्या आहेत. मूल का चिडतं, का गप्प होतं, त्याला मित्र आहेत की नाहीत, हे त्या फायलींत सापडत नाही. मला आज त्याविषयी तुमच्याशी बोलायचं आहे.

ज्यांना या यंत्राची माहिती नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. साधं श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानात सोडतं. कॉक्लिअर इम्प्लांटचं काम वेगळं. आतल्या कानात शंखासारखा वळलेला एक अवयव असतो, त्याला कॉक्लिया म्हणतात. शस्त्रक्रिया करून त्यात बारीक इलेक्ट्रोडची तार सरकवतात आणि कानामागे कातडीखाली एक रिसीव्हर बसवतात. बाहेर कानावर प्रोसेसर असतो. तो आवाज टिपतो, त्याचे विजेचे संकेत बनवतो आणि लोहचुंबकानं डोक्याला चिकटलेल्या चकतीतून आत पाठवतो. तिथून ते थेट श्रवणाच्या नसेला पोचतात. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. त्या दिवशी मूल हसेलच असं नाही. पुष्कळ मुलं दचकून रडतात. मग प्रत्येक इलेक्ट्रोडचा जोर मुलाला सोसेल असा पुन्हा पुन्हा जुळवावा लागतो. त्याला मॅपिंग म्हणतात. त्यापुढे ऐकण्या-बोलण्याचा सराव, तोही वर्षानुवर्षं. आणि आंघोळीला, झोपताना बाहेरचं यंत्र उतरवलं किंवा बॅटरी संपली, की मूल पुन्हा नि:शब्दतेत असतं. म्हणजे बहिरेपण गेलेलं नसतं. दिवसातले काही तास यंत्राच्या मदतीनं ऐकू येतं. घरच्यांना आणि शाळेला ही साधी गोष्ट कुणी नीट सांगत नाही, तिथून पुष्कळ गैरसमज सुरू होतात.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नला डॉ. ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ साली अनेक इलेक्ट्रोडचं असं यंत्र एका प्रौढ माणसाला बसवलं. अमेरिकेत दोन वर्षांवरच्या मुलांसाठी त्याला १९९० साली परवानगी मिळाली, २००० साली ती बारा महिन्यांच्या बाळापर्यंत खाली आली. आपल्याकडे केरळनं २०१२ साली ‘श्रुतितरंगम’ योजना सुरू केली. केंद्र सरकारनं २०१४ साली ‘एडिप’ योजना सुधारली, तेव्हा वर्षाला ५०० मुलांसाठी प्रत्येकी सहा लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद केली. मुंबईची अली यावर जंग संस्था त्यातली मध्यवर्ती संस्था. त्यामुळे ही शस्त्रक्रिया फक्त श्रीमंतांपुरती राहिली नाही. शेतमजुराच्या, रिक्षावाल्याच्या घरातही कानावर प्रोसेसर लावलेलं मूल दिसायला लागलं. हे चांगलंच झालं, आणि मी यंत्राच्या विरोधात लिहीत नाही हे आधीच स्पष्ट करते. लवकर ऑपरेशन झालेली, पुढचा सराव नीट मिळालेली कितीतरी मुलं आज फोनवर बोलतात, साध्या शाळेत शिकतात, गाणी ऐकतात.

पण सहा लाखांत यंत्र येतं. त्यानंतरचं काम कुणी करायचं? ते घरातल्या बाईनं करायचं, हे कुणी कागदावर लिहिलेलं नसतं, तरी सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची आई मला माहीत आहे. मुलीच्या स्पीच थेरपीसाठी ती तीन वर्षं पुण्यात एका खोलीत राहिली. धाकट्याला सासूजवळ ठेवलं, शिलाईचं काम सुटलं. नवरा महिन्यातून एकदा यायचा, पैसे द्यायचा आणि विचारायचा, अजून वाक्य का बोलत नाही? थेरपीच्या वर्गातही प्रश्न आईलाच. घरी सराव घेतला का? वही भरली का? मुलीनं शब्द उच्चारला की डॉक्टरांचं कौतुक, नाही उच्चारला की आईचा आळस. ही बिनपगारी नोकरी आहे, आणि तिला सुट्टी नाही. घरकामाचं मोल मागणाऱ्या आपण बायकांनी या कामाकडेही त्याच नजरेनं बघायला हवं.

दोष तर तिच्यावर आधीपासूनच असतो. पोटात असताना ग्रहण पाळलं नाहीस, माहेरच्यांच्यात कुणीतरी असेल, हे ऐकलं नाही अशी कर्णबधिर मुलाची आई मला अजून भेटलेली नाही. खरी गोष्ट अशी की जन्मत: येणाऱ्या बहिरेपणाची कारणं अनेक असतात. गरोदरपणातली रुबेलाची लागण, नवजात बाळाची तीव्र कावीळ, ही त्यांतली काही. आनुवंशिक बहिरेपणाचा जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो त्यात सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावं लागतं. दोघांनाही स्वत: नीट ऐकू येत असतं. म्हणूनच मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत त्याचा धोका वाढतो. ती लग्नं ठरवतं कोण, हे तुम्हाला मी सांगायला नको. ग्रहणाचा त्यात काहीही संबंध नाही.

आता मुलांकडे येऊ.

ज्या वर्गात पन्नास-साठ मुलं आहेत, पंखा खडखडतो आहे, बाक सरकताहेत, बाई फळ्याकडे तोंड करून बोलताहेत, अशा वर्गात या मुलीला बसवलेलं असतं. शांत खोलीत तिला बरंच समजतं. गोंगाटातून एक आवाज वेगळा काढणं मात्र या यंत्राला फार जड जातं. बाई म्हणतात, मशीन आहे ना, मग ऐकू येत असणारच, लक्ष नाही हिचं. मुलगी मान डोलावते. न समजताही हो म्हणायला ती फार लवकर शिकते, कारण दर वेळी ‘काय?’ विचारलं की समोरचा वैतागतो. मधल्या सुट्टीत चार मैत्रिणी एकदम बोलतात, विनोद होतो, सगळ्या हसतात. हिनं विचारलं तर उत्तर येतं, काही नाही गं, नंतर सांगते. घरी जेवतानाही तेच. दिवाळीला सगळं घर जमतं तेव्हाही तेच. ते ‘नंतर’ कधी येत नाही.

मैत्रिणींनो, हे ‘काही नाही’ आपल्याला ओळखीचं आहे. घरात जमिनीचा, लग्नाचा, पैशाचा निर्णय चालू असताना चहा घेऊन गेलेल्या बाईनं काय चाललंय असं विचारलं, की तिलाही हेच उत्तर मिळत आलं आहे. समोर असून बोलण्यात न धरलेल्या माणसाच्या मनात काय साठत जातं हे आपण जाणतो. लहान मुलाच्या मनात ते रोज, वर्षानुवर्षं साठलं तर ते कुठून तरी बाहेर येणारच. कुणी मारामारी करतं, कुणी वस्तू फेकतं, कुणी शाळेत जायला नको म्हणतं, पोट दुखतं म्हणतं. कुणी इतकं शहाणं होतं की त्याचा त्रास कुणाच्या लक्षातच येत नाही. मुलींच्या बाबतीत हे शेवटचं जास्त घडतं, कारण गप्प बसणारी मुलगी आपल्या समाजाला चांगलीच वाटते.

दिवसभर कान देऊन ऐकणं हे कष्टाचं काम आहे. आपण ऐकतो ते सहज, ही मुलं ऐकतात ती जोर लावून, अंदाज बांधत, ओठांकडे बघत. संध्याकाळी ती थकून येतात आणि घरी पुन्हा सराव असतो. म्हण, परत म्हण, नीट म्हण. आई मुलीची मास्तरीण होते. एका तेरा वर्षांच्या मुलीनं मला सांगितलं की आई तिच्याशी बोलत नाही, तिला बोलायला लावते. ही मुलगी घरी आली की पहिल्यांदा यंत्र काढून ठेवते. घरच्यांना तो हट्ट वाटतो. मला वाटतं, तिला विश्रांती हवी आहे. आणि कधी कधी रागही आहे, कारण घरात तिच्या हातात असलेलं बटण हे एवढंच एक आहे.

वयात येताना हे अवघड होतं. केस वर बांधले तर चकती दिसते, म्हणून ते मोकळे सोडायचे. फोटोत मान एका बाजूला वळवायची. मुलगे क्रिकेट खेळताना ते काढतात, मग हाका ऐकू येत नाहीत, मग संघात घेत नाहीत. आणि प्रश्न पडतो, मी कोण? ऐकणाऱ्यांत मी पुरती नाही. खुणांची भाषा बोलणाऱ्या कर्णबधिर मुलांत जावं तर ती भाषा मला शिकवलेली नाही. हे दोन्हीकडून बाहेर राहणं हा या मुलांच्या एकटेपणाचा गाभा आहे असं मला वाटतं.

इथे संशोधनाकडे बघणं उपयोगाचं आहे. डेन्मार्कमध्ये ३३४ कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्या मुलांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात भावनिक आणि सामाजिक अडचणींचं प्रमाण ऐकू येणाऱ्या मुलांच्या ३.७ पट निघालं. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ज्या मुलांची भाषा चांगली होती, मग ती तोंडानं बोललेली असो की खुणांची, त्यांच्यात आणि ऐकणाऱ्या मुलांत फारसा फरक उरला नव्हता. नेदरलँड्समधल्या २०१२ सालच्या एका अभ्यासात इम्प्लांट झालेल्या मुलांमधली चिंता ऐकणाऱ्या मुलांइतकीच आढळली. साधं श्रवणयंत्र वापरणाऱ्यांमध्ये ती जास्त होती. म्हणजे बहिरेपणाबरोबर दु:ख जन्माला येतं असं काही नाही. मनातलं सांगायला भाषा मिळाली आणि ती समजणारी माणसं भोवती असली, तर ही मुलं इतर मुलांसारखीच भांडतात, रुसतात आणि सावरतात.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी अजून सांगतात, मुलाला खुणा करू देऊ नका, नाहीतर ते बोलणार नाही. आयांनी मुलांचे हात धरून ठेवले आहेत, खुणा करणाऱ्या मुलांशी खेळू दिलेलं नाही. हा विचार जुना आहे. १८८० साली इटलीत मिलान इथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिनं शाळांतून खुणांच्या भाषेला हद्दपार करण्याचा ठराव केला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावं लागलं, व्हँकुव्हरच्या परिषदेत. इम्प्लांट झालेल्या मुलांना खुणा किती, कधी शिकवाव्यात याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत, ते मी मिटवू शकत नाही. पण एका बाबतीत दुमत नाही. कुठलीच भाषा पुरती न मिळालेल्या मुलाचं नुकसान भरून येणं फार कठीण असतं. यंत्र बसवल्यावर पाच-सहा वर्षं वाट बघून, बोलणं आलं नाही असं कळल्यावर मग खुणांकडे वळायचं, तर ती वर्षं परत कोण देणार? आज आपल्या देशात भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, ती २०१५ साली दिल्लीत स्थापन झाली. २०२० च्या शिक्षण धोरणात या भाषेचा उल्लेख आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात कर्णबधिर मुलांना त्यांना योग्य त्या भाषेतून आणि पद्धतीनं शिक्षण देण्याची जबाबदारी शाळांवर टाकली आहे. कायदा आहे, तो आपल्या तालुक्याच्या शाळेपर्यंत पोचवायचा आहे.

प्रौढ कर्णबधिरांच्या संघटनांनी या यंत्राबद्दल प्रश्न विचारले, तेव्हा त्यांना आडमुठं ठरवण्यात आलं. अमेरिकेतल्या त्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९९१ साली लहान मुलांवरच्या या शस्त्रक्रियेला विरोध केला होता. २००० साली भूमिका बदलून, अनेक पर्यायांपैकी तो एक पर्याय आहे असं तिनं मान्य केलं. त्यांचा मूळ प्रश्न आजही विचार करण्यासारखा आहे. मुलाला दुरुस्त करायचं, की त्याच्यासाठी जागा करायची? मला वाटतं, दोन्ही एकदम करता येतं. आपण फक्त पहिलं करतो आणि दुसरं विसरतो. बाईच्या शरीराला समाजाच्या मापात बसवण्याचा खटाटोप आपण ओळखतो, तर या मुलांच्या बाबतीतही तो ओळखायला आपल्याला जड जाऊ नये.

मुलींच्या सुरक्षिततेविषयी स्वतंत्र बोलायला हवं. अमेरिकेत ओमाहा शहरातल्या एका मोठ्या अभ्यासात (२०००) अपंग मुलांवर अत्याचार आणि दुर्लक्ष होण्याचं प्रमाण इतर मुलांच्या ३.४ पट आढळलं. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ हे आपण शाळेत माइकवरून सांगतो. ते या मुलीला किती कळतं? रात्री तिचं यंत्र उतरवलेलं असतं, अंधारात ओठ दिसत नाहीत, पावलं ऐकू येत नाहीत. शरीराच्या भागांचे, भीतीचे, नकाराचे शब्द तिच्या सरावाच्या वहीत नसतात. तिथे फळं, भाज्या, प्राणी असतात. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अशा मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा त्याची संवादाची रीत जाणणाऱ्या माणसाची मदत घेण्याची तरतूद केली आहे. ती आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात कुणाला माहीत आहे का, हे विचारून बघा. आणि या मुलींना ‘नाही’ आणि ‘मला सांगायचंय’ हे दोन्ही, बोलून आणि खुणेनं, अगदी लहानपणीच शिकवा.

लग्नाच्या वयाला आणखी एक प्रकार दिसतो. सोयरिकीच्या वेळी यंत्र लपवण्याचा. केसांखाली झाकून दाखवण्याचा कार्यक्रम उरकतात, आणि पुढे कळल्यावर फसवणूक झाली म्हणून मुलीला माहेरी आणून सोडतात. मुलीला तिच्या कानाची लाज वाटायला आपणच शिकवलं, मग तिनं ताठ मानेनं वागावं ही अपेक्षा कशी करायची?

पैशाचं दुखणंही मनाशीच जोडलेलं आहे. बाहेरचा प्रोसेसर झिजतो, बिघडतो, भिजतो. नवा लाखांच्या घरात जातो. जुन्या मॉडेलचे भाग काही वर्षांनी कंपनी बनवेनाशी होते. ज्या मुलानं दहा वर्षं आवाजाच्या जगात काढली, त्याचं यंत्र अचानक बंद पडून महिनोन्‌महिने तसंच राहिलं, तर त्याच्या शाळेचं, मैत्रीचं, मन:स्थितीचं काय होत असेल याची कल्पना करा. ऑपरेशनचे पैसे देताना सरकारचा फोटो निघतो. बॅटरीचे आणि दुरुस्तीचे पैसे देताना आईचं मंगळसूत्र गहाण पडतं.

मग आपण गटांनी काय करायचं? मला सुचतं ते मांडते, तुम्ही भर घाला.

आपल्या गावातल्या, वस्तीतल्या अशा मुलांच्या आयांना एकत्र बसवू या. तिथे थेरपीची चर्चा नको. त्यांना आधी मनातलं बोलू द्या, रडू द्या, हसू द्या. पुढच्या बैठकीला बापांनाही बोलवा. सरावाचे दिवस वाटून घ्यायला सांगा, दवाखान्याच्या फेऱ्या वाटून घ्यायला सांगा. सराव देणाऱ्या केंद्रांना विनंती करू की ‘आईनं यावं’ ऐवजी ‘पालकांनी यावं’ असं लिहा आणि तसं वागा.

शाळेत जाऊन बाईंशी बोलू. मुलीला पुढे, भिंतीच्या बाजूला बसवणं, तिच्याकडे तोंड करून बोलणं, गृहपाठ फळ्यावर लिहिणं, याला खर्च येत नाही. वर्गातल्या इतर मुलांना यंत्र हातात घेऊन दाखवलं, तर त्यांचं कुतूहल संपतं आणि चिडवणंही कमी होतं.

मोठ्या कर्णबधिर बायकांना या मुलींशी भेटवू. नोकरी करणारी, संसार करणारी, खुणांनी भरभरून गप्पा मारणारी बाई पाहिली की मुलीला आपलं पुढचं आयुष्य दिसतं. आणि घरच्यांनाही दिसतं.

सरकारकडे मागणी करताना यंत्राच्या संख्येवर थांबू नये. दुरुस्ती आणि प्रोसेसर बदलण्याचा खर्च योजनेत धरा. प्रत्येक केंद्रावर खुणांची भाषा येणारा समुपदेशक द्या. किती मुलग्यांची आणि किती मुलींची शस्त्रक्रिया झाली, त्यांतली किती मुलं पाच वर्षांनी यंत्र वापरताहेत, ती शाळेत आहेत का, ती कशी आहेत, हे जाहीर करा. मुलांच्या भावना आणि वागणूक समजून घेण्यासाठी साधी, पंचवीस वाक्यांची प्रश्नावली १९९७ पासून जगभर वापरात आहे. त्यात पालक, शिक्षक आणि अकरा वर्षांवरचं मूल स्वत:, अशा तिघांना विचारतात. वर्षातून एकदा ऐकण्याची तपासणी होते त्याच दिवशी हे विचारायला किती वेळ लागेल?

आणि घरी, आजपासूनच करता येण्यासारखं एक आहे. ती ‘काय झालं?’ म्हणाली की ‘काही नाही’ म्हणायचं नाही. जे झालं ते तिथल्या तिथे, तिच्याकडे बघून, पुन्हा सांगायचं. विनोद शिळा होईल, तरी सांगायचा.

तुमच्या भागात अशा मुली, मुलगे असतील. त्यांच्याशी बोला, त्यांना स्वत:च लिहायला सांगा. चित्र काढून पाठवलं तरी चालेल. आयांनी लिहावं, बापांनी लिहिलं तर अधिकच आनंद. कुणाचं नाव छापायचं नसेल तर छापणार नाही. पुढच्या अंकात या पत्रांसाठी पानं राखून ठेवली आहेत. वाट बघते.

तुमची,
संपादक